बालीचा मसाज: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की बालीला जाऊन एखादं देऊळ कमी बघितलंत तरी चालेल पण एक मसाज घ्याच, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. (देवळांवरून रागावलेली तीन पत्रंही आलीत. वाचली. देवळंही बघा हो.) बाकीचे प्रश्न मात्र फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, ती म्हणजे आपला संकोच. कपड्यांचा संकोच, पैसे विचारायचा संकोच, दुखतंय म्हणायचा संकोच. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

प्रश्न: ताई, आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या पंचेचाळिशीच्या पुढच्या, पहिल्यांदाच नवरे-मुलं घरी ठेवून बालीला चाललोय. बाकी सगळं ठरलंय पण मसाजचं नाव निघालं की चौघींची बोलती बंद. सगळे कपडे काढावे लागतात का? आत नक्की काय होतं ते कोणी सांगतच नाही, जाऊन आलेल्या बायका नुसतं 'मस्त होतं गं' म्हणतात.
– चौघींपैकी एक

उत्तर: अगं, त्यांना आठवतच नसतं, अर्धा वेळ घोरत असतात बिचाऱ्या. मी क्रमाने सांगते.

आत गेलात की आधी बसवतात, प्यायला काहीतरी देतात आणि एक कागद भरायला देतात. काही आजार आहे का, कुठे दुखतं, कुठली जागा टाळायची, प्रेशर हलकं हवं की जोरात. हा कागद सगळ्या जणी गप्पा मारत भरतात आणि नंतर पस्तावतात, तो नीट भरा. मग तीन-चार छोट्या बाटल्या नाकाखाली धरतात, त्यातलं तेल तुम्ही निवडायचं. चंदन असतं, गवती चहा असतो, आणि चाफा तर असतोच, तोच आपला देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, तिकडे त्याला जेपुन म्हणतात. मग पाय धुतात, कोमट पाण्यात फुलं आणि लिंबाच्या चकत्या टाकून. इथेच बऱ्याच जणींना कानकोंडं होतं, कारण कोणीतरी आपले पाय धुतंय हे आपल्याला झेपत नाही. झेपवून घ्या.

आता कपडे. खोलीत एक कागदी किंवा जाळीची, एकदा वापरून फेकायची चड्डी ठेवलेली असते, बरोबर सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं कापड) किंवा मोठा टॉवेल. ती घालायची की स्वतःची ठेवायची हे तुमच्यावर आहे, कोणी काही म्हणत नाही, फक्त स्वतःची ठेवलीत तर तिला तेल लागणार हे धरून चाला. वरचे कपडे मात्र काढावेच लागतात कारण सगळा खेळ पाठीचा आहे. थेरपिस्ट बाहेर जाते, तुम्ही पालथं झोपून अंगावर चादर ओढून घ्यायची, मग ती दार वाजवून आत येते. आणि मग जो भाग चोळायचा तेवढाच उघडा करते, तो झाला की झाकते, मग पुढचा. कूस बदलताना ती चादर दोन्ही हातांनी उंच धरते आणि स्वतः मान वळवून उभी राहते. मला वाटतं दादरच्या ट्रायल रूममध्येसुद्धा इतकी अब्रू राखत नाहीत. 'थेरपिस्ट बाईच हवी' हे मात्र बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी नको.

मसाज सुरू होतो तो तेलाशिवाय. कापडावरूनच तळव्याने दाबत दाबत ती पायांपासून खांद्यापर्यंत येते, जणू आधी अंगाची ओळख करून घेतेय. मग तेल. कमरेपासून खांद्यापर्यंत लांबच्या लांब हात फिरतो, मग अंगठे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकतात, मध्येच कातडी चिमटीत धरून लाटल्यासारखी सरकवत नेते, ते थोडं झोंबतं. तळपायाचे पॉइंट दाबते, हातपाय ताणते. उताणं झाल्यावर पोटही चोळतात, गोल गोल, आपल्याकडच्यांना त्याची कल्पना नसते आणि दचकायला होतं. नको असेल तर सरळ नको म्हणा. शेवटी उठवून बसवते, हात मागे ओढून पाठ ताणते, खांद्यावर चार थापट्या, झालं. मग आल्याचा चहा.

पालथं झोपलं की तोंडासाठी बेडला भोक असतं आणि खाली बरोबर नजरेसमोर पाण्याच्या वाडग्यात दोन-तीन फुलं तरंगत ठेवलेली असतात. माझ्या वेळी त्यातल्या एका चाफ्याची एक पाकळी कडेने तपकिरी झाली होती आणि पंख्याच्या वाऱ्याने ते फूल हळूहळू फिरत होतं, ती पाकळी समोर आली की मी ओळखायचे की एक चक्कर झाली. सातव्या चक्करनंतरचं मला काही आठवत नाही.

प्रश्न: रस्त्यावरच्या पाटीवर '१५०के' लिहिलेलं असतं आणि आमच्या हॉटेलच्या स्पाच्या मेन्यूवर '९५०के++'. दोघांकडे मसाज तोच, एक तासच. हात तर दोन्हीकडे दोनच ना? मग फरक कशाचा?
– हिशेबी

उत्तर: हिशेब आवडला. आधी पाटी वाचायला शिका. 'के' म्हणजे हजार, म्हणजे दीड लाख रुपिया (आपले रुपये नव्हेत, इंडोनेशियाचं चलन) आणि साडेनऊ लाख रुपिया. तिकडे हजारासाठी स्वल्पविराम नाही, टिंब देतात, म्हणून १५०.००० बघून 'दीडशेच आहे की' असं समजून आत शिरू नका. आणि ते दोन प्लस म्हणजे टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगळा, दोन्ही मिळून साधारण पंधरा ते एकवीस टक्के. सर्व्हिस चार्ज लावलाय तिथे वर टिप देणं सक्तीचं नाही. छोट्या जागी मात्र वीस ते पन्नास हजार रुपिया थेट थेरपिस्टच्या हातात द्या, काउंटरवर नाही, आणि उजव्या हाताने द्या, डाव्या हाताने देणं तिकडेही वाईट दिसतं.

फरक म्हणाल तर तो हातांचा नाही, भिंतींचा आहे. स्वस्त ठिकाणी दोन बेडमध्ये नुसता पडदा असतो, पलीकडचा माणूस फोनवर बोलत असतो, बाहेरून स्कूटर जात असतात, आणि शॉवर असेलच असं नाही, म्हणजे तेलकट अंगावरच कपडे चढवून बाहेर. हॉटेलात स्वतंत्र खोली, शॉवर, बाहेर बाग, पाण्याचा आवाज, आणि मसाज संपल्यावर कोणी उठवत नाही. पण हात? मला आजवरचा सगळ्यात चांगला हात सानूरला एका गल्लीतल्या तीन बेडच्या दुकानात भेटला आणि सगळ्यात कंटाळवाणा मसाज भरपूर पैसे मोजून एका फार देखण्या जागी. तिथली मुलगी बिचारी पाठ केल्यासारखं करत होती.

माझी पद्धत सांगते. नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी फक्त तळपायाचा मसाज घ्यायचा, अर्धा तास, कपडे काढायची भानगड नाही. तेवढ्यात जागा स्वच्छ आहे का, टॉवेल धुतलेले आहेत का आणि हात कसा आहे हे कळतं. हात आवडला तर नाव विचारून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तिलाच मागायचं. फक्त एवढं लक्षात ठेवा की बालीत मुलांची नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात, पहिलं वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान, मुलगा असो की मुलगी. तेव्हा नुसतं 'वायान हवी' म्हटलंत तर तिघी पुढे येतील. अजून एक खूण विचारून ठेवा.

प्रश्न: मेन्यू कार्डवर बोरेह, लुलुर, फ्लॉवर बाथ अशी नावं होती, आम्हाला काही कळेना म्हणून सगळ्यात महागाचं 'पॅकेज' घेतलं आणि साडेतीन तास नुसते चोळून घेत बसलो. शेवटी भूक लागली. पुढच्या वेळी काय निवडू?
– नवविवाहित (आता सहा महिने झाले)

उत्तर: महागाचं आहे म्हणून घेणं हेही संकोचाचंच रूप, 'हे काय असतं' विचारायची लाज. पण तुमचं नुकसान काही झालेलं नाही, भूक सोडून.

लुलुर हे मुळात बालीचं नाहीच, शेजारच्या जावा बेटाचं आहे, तिथल्या राजवाड्यांतलं, योग्याकार्ता आणि सुराकार्ताकडचं. लग्नाआधी नवरीला लावायचे. हळद, तांदळाचं पीठ, चंदन आणि बाकी सुगंधी पाला-मुळं यांचा लेप, तो वाळत आला की चोळून काढायचा, मग अंगाला दही, मग धुऊन फुलांच्या पाण्यात बसायचं. वाचून हसू आलं ना? उटणं आणि हळदीचा कार्यक्रम एकत्र केला की लुलुर. आपण समुद्र ओलांडून जातो आणि आजीने फुकट लावलं असतं ते पैसे देऊन लावून घेतो. तरीही घ्या, कारण आजी पाठ एवढा वेळ चोळत नव्हती.

बोरेह मात्र खास बालीचं. भाताच्या खाचरात दिवसभर पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या शेतकऱ्यांचं औषध आहे ते. तांदूळ, लवंग, आलं, कुलिंजन, दालचिनी, जायफळ असं जाडसर वाटून अंगाला लावायचं, की अंगात ऊब येते आणि सांधे मोकळे होतात. ज्याला मस्त गरम वाटायला हवंय, पाय दुखताहेत, पावसात भिजून आलाय, त्याच्यासाठी बोरेह. म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या पावसाळ्यात गेलात तर हेच घ्या. पण आता माझी फजिती ऐका.

पहिल्या वेळी गेले तेव्हा सकाळी समुद्रावर तीन तास काढले, सनस्क्रीन घरून आणलेलं आणि हॉटेलच्या खोलीत विसरलेलं. बाली विषुववृत्ताच्या जेमतेम आठ अंश खाली आहे, ढग असले तरी ऊन काय भाजतं ते संध्याकाळीच कळतं. खांदे लाल झाले होते, थोडी आग होत होती, म्हटलं मसाज घेऊ म्हणजे बरं वाटेल. आणि निवडलं काय तर बोरेह. आलं, लवंग, दालचिनी, भाजलेल्या कातडीवर! पहिल्या दोन मिनिटांत डोळ्यातून पाणी. थेरपिस्टने विचारलं, 'ओके?' आणि मी, जी इथे बसून तुम्हाला उपदेश करतेय ती मी, म्हणाले, 'ओके ओके.' दहा मिनिटं तशीच पडून राहिले. शेवटी तिनेच माझ्या मुठी बघितल्या, काही न बोलता सगळं गार पाण्याने धुऊन काढलं आणि कोरफडीचा गर आणून लावला. जाताना मला म्हणाली, 'नेक्स्ट टाइम, यू से.' त्या दिवसापासून मी से करते. तेव्हा ऊन लागलेलं असेल, किंवा त्याच दिवशी वॅक्सिंग-शेव्हिंग केलेलं असेल तर बोरेह, लुलुर, कुठलाही स्क्रब नको. साधा मसाजसुद्धा एक-दोन दिवस थांबून.

फ्लॉवर बाथ फोटोसाठी असतो. घ्या, फोटो छान येतात, पाकळ्या नको तिथे चिकटतात.

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही फॅमिली ट्रिपला चाललोय, सोबत सासूबाईही आहेत, वय ६८. बीपी आहे, गुडघे दुखतात, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. आम्ही त्यांना हॉटेलवर ठेवून मसाजला जायचं ठरवत होतो तर आईच म्हणाल्या, 'मला का नाही? मलाही करायचाय.' आता काय करू?
– सूनबाई

उत्तर: आधी आईंना माझा नमस्कार सांगा. मला ही बाई आवडली.

रक्त पातळ करायची गोळी चालू असताना जोरात दाबलं तर अंगावर काळेनिळे डाग पडतात, आतून रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरना विचारा, आणि स्पामध्ये फॉर्मवर गोळीचं लिहाच. डॉक्टर हो म्हणाले तरी हलका हात, गरम दगडांचा मसाज नको, स्टीम नको, सौना नको. आणि एक गंभीर गोष्ट, फक्त आईंसाठी नाही, सगळ्यांसाठी. लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर ती चोळून घ्यायची नाही. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, तिथे मसाजवाली नको, डॉक्टर हवा, त्याच दिवशी. घरात कोणी पोटुशी असेल तर तिनेही डॉक्टरना विचारूनच आणि गरोदरपणाचा मसाज शिकलेल्या व्यक्तीकडूनच.

आईंसाठी मी क्रीमबाथ सुचवीन. नावावरून टबबिब वाटतो, तसं काही नाही. खुर्चीत बसायचं, अंगावरचे कपडे अंगावरच, आणि केसांना ॲव्होकाडो किंवा कोरफडीचं दाट क्रीम लावून डोकं, मान, खांदे चांगला अर्धा-पाऊण तास रगडून देतात. इंडोनेशियात बायका महिन्याच्या महिन्याला जातात त्याला. जोडीला पायाचा हलका मसाज. नंतर उभं राहताना मात्र हात धरा. तेलकट पाय आणि गुळगुळीत फरशी, बालीतला खरा धोका हा आहे.

प्रश्न: मसाज कसला, मारामारी होती. बाईचं वजन पंचेचाळीस किलो असेल, पण कोपर असं घुसवलं की दोन दिवस उजवी कूस घेता आली नाही. बायको शेजारच्या बेडवर आरामात. लोक याला आराम का म्हणतात?
– एक पीडित नवरा

उत्तर: तुम्ही तिला सांगितलंत का? पत्रात कुठेच दिसलं नाही म्हणून विचारते. आपल्या पुरुषांचं हे एक आहे, 'प्रेशर?' विचारलं की छाती काढून 'स्ट्राँग' म्हणायचं आणि मग दात आवळून पडायचं, शेजारी बायको असली तर विचारूच नका. थोडं गोड दुखणं ठीक आहे, ज्यात श्वास सोडावासा वाटतो ते. श्वास रोखून धरावासा वाटला की ते जास्त झालं, एवढी सोपी परीक्षा आहे.

चार शब्द पाठ करून जा. 'साकित' म्हणजे दुखतंय. 'पलान-पलान' म्हणजे हळू हळू. 'लबिह कुआत' म्हणजे अजून जोरात (हा तुम्ही नका शिकू). 'चुकुप' म्हणजे पुरे. बाई वयाने मोठी असेल तर आधी 'इबू' लावा, म्हणजे आई किंवा बाई, आदराचं आहे. आणि झाल्यावर 'सुक्स्म' म्हणा, म्हणजे बालीत थँक्यू, शब्द आपला सूक्ष्मच. दारात शिरताना त्या हात जोडून 'ॐ स्वस्त्यस्तु' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणाचं तरी लग्न लागतंय.

प्रश्न: थोडा वेगळा प्रश्न, नाव छापू नका. मित्र म्हणतात बालीचे मसाज म्हणजे 'तसले'. बायकोला घेऊन जायचंय. तिथे गैरसमज व्हायला नको.
– नाव नको

उत्तर: तसल्या जागा जगात जिथे पर्यटक जातात तिथे असतात, बालीतही आहेत, आणि त्या लपत नाहीत. रात्री उशिरापर्यंत गुलाबी दिवे, काळ्या काचा, दारात नटलेल्या मुली आणि पाटीवर किमतीच नाहीत, अशी जागा दिसली की पुढे चालायचं. ज्या दुकानात दिवसाउजेडी काचेतून आतल्या खुर्च्या दिसतात, पाटीवर दर लिहिलेत आणि पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका पाय दाबून घेत बसल्यात, तिथे निर्धास्त जा.

हा शिक्का तिथल्या चांगल्या स्पावाल्यांना किती झोंबतो बघा. इंडोनेशियाच्या २०२२ च्या एका करविषयक कायद्यात स्पाला डिस्को, कराओके, नाइटक्लब आणि बारच्या पंगतीला बसवलं आणि कमीत कमी ४०, जास्तीत जास्त ७५ टक्के कराची तरतूद केली. २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून बालीत मोठा गदारोळ झाला, प्रकरण घटना न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्पा हा पारंपरिक आरोग्यसेवेचा भाग आहे. तुमच्या मित्रांना हे ऐकवा. आणि त्यांना एवढं कसं माहीत हेही विचारा.

प्रश्न: स. न. मी आयुर्वेदाचा अभ्यासक आहे, वय ७१. स्पा वगैरे पर्यटकांसाठी असावेत असे वाटते. बालीची स्वतःची काही वैद्यकपरंपरा आहे काय? ती पाहता येईल काय?
– एक जुने वर्गणीदार

उत्तर: काका, आहे, आणि तुम्हाला फार आवडेल. बालीत वैद्याला बालियान म्हणतात आणि विद्येला उसाद. उसाद म्हणजे औषध, शब्द तोच, समुद्रावरून जाताना थोडा झिजलाय. ही विद्या ताडपत्रांवर लिहिलेली आहे, त्या पोथ्यांना लोंतार म्हणतात. उत्तर बालीत सिंगराजा गावी गेदोंग किर्त्य नावाचं १९२८ साली सुरू झालेलं पोथ्यांचं ग्रंथालय आहे, तिथे तुम्ही दोन दिवस सहज काढाल. एका पोथीचं नाव तर 'तरु प्रमाण'. त्यातली कथा अशी की एक ऋषी तपाला बसतात आणि झाडं एकेक करून पुढे येऊन स्वतःच सांगतात, माझं पान थंड आहे, माझी साल उष्ण आहे, मी अमुक रोगाला चालतो. वनस्पतिशास्त्र सांगायची याहून गोड पद्धत मी तरी बघितली नाही.

बालियानही अनेक प्रकारचे. पोथी वाचणारे वेगळे, हाडं बसवणारे वेगळे, अंग चोळणारे वेगळे, काही अंगात येणारे. आजचा स्पामधला मसाज जो आहे त्याची एक मुळी या चोळणाऱ्यांपर्यंत जाते, फुलं आणि मंद संगीत नंतर आलं. बालियानकडे आराम वगैरे नसतो, तो नस धरतो तेव्हा माणूस ओरडतो. बालीतल्या उबुद गावाच्या आसपास असे बरेच आहेत (उबुद हे नावच औषध अर्थाच्या शब्दावरून आलं असं सांगतात). पण तो देखावा नाही, घरच्या पडवीत गावातली आजारी माणसं रांगेत बसलेली असतात. जायचं तर ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर, सारोंग आणि कमरेचा शेला बांधून, नैवेद्य घेऊन, दक्षिणा त्या नैवेद्यातच ठेवायची. आणि खरंच काही दुखत असेल तरच. नुसतं बघायला म्हणून त्यांची रांग अडवू नये असं माझं मत, तुम्ही समजून घ्याल. तुमची चालू औषधं मात्र त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका.

जाता जाता जामू प्या, त्यांचा काढा, हळद-चिंचेचा तर नक्कीच. २०२३ मध्ये युनेस्कोने जामूची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

प्रश्न: मार्चमध्ये जातोय, पाडव्याच्या सुट्टीला जोडून. स्पाचं आधी बुकिंग लागेल का?
– घाईत

उत्तर: तारीख नीट बघा! त्याच सुमारास न्येपी असतो, त्यांचं शक वर्षाचं नवं वर्ष, आपल्याच शालिवाहन शकाचा आकडा. २०२६ मध्ये तर न्येपी आणि पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. फरक एवढाच की आपण ढोल वाजवतो आणि ते सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पूर्ण गप्प बसतात. विमानतळ बंद, दुकानं बंद, दिवे मंद, रस्त्यावर पाऊलही टाकायचं नाही, तुम्हीसुद्धा. बाहेरचा स्पा त्या दिवशी विसरा. हॉटेलच्या आतला चालू असेल का ते हॉटेललाच विचारा आणि तो तास आत्ताच बुक करा, कारण त्या दिवशी हॉटेलातल्या सगळ्यांना तेवढंच सुचणार आहे.

प्रश्न: परतीचं विमान रात्री साडेअकराला आणि चेकआउट दुपारी बाराला. मधला वेळ स्पामध्ये घालवावा का?
– दोघं

उत्तर: अगदी. फक्त शॉवर असलेली जागा निवडा आणि बॅगा ठेवून घेतात का हे फोन करून विचारा. भरपेट जेवून जाऊ नका, पालथं झोपायचंय. नव्वद मिनिटांचा घ्या आणि 'केसांना तेल नको' हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर आठ तास विमानात खोबरेल तेलाचा वास, शेजारच्यालाही. बाहेर पडताना दाराशी जमिनीवर नारळाच्या पानाची पूजेची छोटी परडी दिसेल, फुलं आणि धुमसती उदबत्ती ठेवलेली, तेलकट झोपेच्या डोळ्यांनी तिच्यावर पाय देऊ नका, बाजूने जा. आणि विमानतळाच्या रस्त्याला संध्याकाळी ट्रॅफिक फार असतो, सातला टॅक्सीत बसलेले असा.